मोटार हांकतांना तेलाची काटकसर : खरी आणि खोटी

शेतीच्या खर्चांत बियाणें, खतें, मजुरी व पाणीपट्टी यांचा हिशेब आमचे बहुतेक वाचक काळजीनें ठेवितात. परंतु दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीच्या तेलाचा हिशेब ठेवणारा गृहस्थ गांवांत एखादाच सांपडतो. बैलगाडीच्या काळीं गाडीची वैरण घरच्याच रानांत पिकत असे. आतां बाजार, बँक, तहसील कचेरी, दवाखाना व लग्नकार्यें यांकरितां मोटार रोज बाहेर पडते, आणि तिची वैरण पंपावर पैसे मोजून विकत घ्यावी लागते. आपल्या देशांत लागणाऱ्या खनिज तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक परदेशांतून येतें; त्याचा भाव ठरविणें आपल्या हातीं नाहीं. घेतलेल्या एका लिटरांत किती वाट चालावयाची, हें मात्र पुष्कळसें आपल्या हातीं, किंबहुना आपल्या उजव्या पायीं आहे.

एकाच बनावटीच्या दोन मोटारी एकाच रस्त्यावर दोन निराळ्या माणसांच्या हातीं निराळें अंतर देतात, ही गोष्ट कोणीहि जुना ड्रायव्हर सांगेल. फरक यंत्राचा नसून हांकण्याच्या रीतीचा असतो. ती रीत हातानें गिअर टाकावयाच्या मोटारीस अनुसरून येथें सांगावयाची आहे. त्याचबरोबर काटकसरीच्या नांवाखालीं चालत आलेली एक घातक सवय कशी पोकळ आहे, हेंहि दाखवावयाचें आहे.

तेल जातें कोठें ?

इंजिनांत जळणाऱ्या तेलाची सगळी शक्ति चाकांपर्यंत पोंचत नाहीं. मोठा भाग उष्णतेच्या रूपानें रेडिएटर व धुराची नळी यांवाटे निघून जातो. पेट्रोलच्या गाडींत चाकांच्या वांट्यास ढोबळ मानानें पाव हिस्सा येतो. डिझेलच्या गाडींत त्याहून थोडा अधिक. हा उरलेला हिस्सा चार कामीं खर्च होतो : वारा कापणें, टायर व रस्ता यांमधील घर्षण, चढ चढणें आणि उभ्या गाडीस वेग देणें.

पहिले दोन खर्च गेले ते गेलेच. शेवटचे दोन मात्र ठेवीसारखे आहेत. चढावर घातलेली शक्ति उतारावर परत मिळते, आणि वेगांत घातलेली शक्ति पाय काढल्यावरहि गाडीस पुढें नेत राहते. ही ठेव आपण ब्रेक दाबून स्वतःच मोडतों.

तिचें माप पाहावें. हजार किलो वजनाची मोटार उभ्या जागेवरून ताशीं ६० किलोमीटर वेगास आणण्यास, वारा व घर्षण सोडून, सुमारें १५ मिलिलिटर तेल लागतें. म्हणजे चहाचे तीन चमचे. ब्रेक दाबून गाडी उभी केली कीं हे तीन चमचे उष्णता होऊन हवेंत जातात. तालुक्यास जाऊन येतांना असें ३० वेळां घडलें तर जवळजवळ अर्धा लिटर तेल केवळ ब्रेक तापविण्यांत गेलें. माल भरलेली अडीच टनांची पिकअप असेल तर हाच आंकडा अडीचपट होतो. इंजिनानें वेग कमवावा आणि ब्रेकनें तो खावा, हा प्रकार म्हणजे आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, यांतलाच आहे.

दुरून पाहून हांकणें

यावरून पहिला व सर्वांत मोठा नियम निघतो : ब्रेक कमी लागेल अशा रीतीनें हांकावें. याचा अर्थ ब्रेक लावण्यास कचरावें असा मुळींच नव्हे. अर्थ एवढाच कीं, नजर बॉनेटवर न ठेवतां दोन-तीनशे मीटर पुढें ठेवावी. पुढें गतिरोधक आहे, थांब्यावर एस.टी. उभी आहे, गुरांचा कळप रस्ता ओलांडीत आहे किंवा हंगामांतील उसाची ट्रॉली संथ चालली आहे, असें दिसतांच अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा व गाडी आहे त्याच गिअरांत येऊं द्यावी. पुष्कळ वेळां आपण तेथें पोंचेपर्यंत वाट मोकळी होते, आणि थांबल्यावांचून पुढें जातां येतें. पूर्ण थांबून पुन्हां निघणें आणि ३० च्या वेगानें सरकत राहणें यांत मोठें अंतर आहे. कारण वेग निम्मा झाला तर त्यांत सांठलेली शक्ति निम्मी नव्हे, एक-चतुर्थांश होते.

भरली बैलगाडी हांकणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं. उभी गाडी पुन्हां ओढावयास बैलांस किती जोर पडतो तें त्यास दिसतें, म्हणून तो चढाच्या मध्यें गाडी थांबवीत नाहीं. मोटारीचे बैल दिसत नाहींत, एवढाच फरक.

पुढच्या वाहनाच्या अगदीं पाठीमागें चिकटून चालणें हेंहि याच कारणास्तव तोट्याचें आहे. त्यानें जरा वेग कमी केला कीं आपणांस ब्रेक दाबावा लागतो, आणि तो पुढें सरकला कीं पुन्हां जोर द्यावा लागतो. मध्यें तीन सेकंदांचें अंतर असलें म्हणजे त्याचे हेलकावे आपल्या गाडीस लागत नाहींत. हेंच अंतर अपघातहि टाळतें.

घाटांतील अरुंद वाटेवर उतरणाऱ्यानें चढणाऱ्या वाहनास वाट द्यावी, असा रहदारीचा नियम आहे. चढावर थांबलेल्या वाहनास पुन्हां निघणें किती जड जातें हें ध्यानीं घेतलें तर तो किती शहाणपणाचा आहे तें पटेल. आपण उतरत असतांना तो अवश्य पाळावा.

गिअर केव्हां बदलावा ?

इंजिनाच्या जितक्या फेऱ्या होतात तितकें त्याच्या अंगचें घर्षण वाढतें. तेव्हां तेंच काम थोड्या फेऱ्यांत करून घेणें हें काटकसरीचें होय. सपाट रस्त्यावर डिझेलच्या मोटारींत फेऱ्यांचा कांटा २०००च्या आसपास व पेट्रोलच्या मोटारींत २००० ते २५००च्या दरम्यान आला कीं पुढचा गिअर टाकावा. पहिला गिअर केवळ गाडी जागची हलविण्यापुरता. एका गाडीच्या लांबीइतकी वाट चालली कीं त्याचें काम संपलें. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरांत इंजिनास ओरडावयास लावून मैलभर जाणें हा तेलाचा सर्वांत सामान्य अपव्यय आहे.

परंतु याचा अतिरेकहि करूं नये. वरच्या गिअरांत वेग फार उतरून इंजिन धडधडूं लागलें, गाडीस कांपरें भरलें किंवा पाय दाबूनहि ती उठेना, तर ताबडतोब खालचा गिअर टाकावा. तशा स्थितींत तेल वांचत नाहीं आणि इंजिनाचीं बेअरिंगें मात्र मार खातात. त्याचप्रमाणें मुंगीच्या चालीनें वेग वाढविणें म्हणजे काटकसर असेंहि नाहीं. कारण त्यांत खालच्या गिअरांत अधिक वेळ जातो. मध्यम जोरानें वेग घ्यावा, लवकर गिअर बदलीत जावें, आणि इच्छित वेग आला कीं पाय स्थिर ठेवावा. अॅक्सिलरेटरवर पायाची सारखी उघडझांप करणें अगदीं टाकावें.

क्लचवर पाय टेकून बसण्याची सवयहि वाईट. प्लेट किंचित् सुटली तरी ती घसरते, तापते व झिजते. चढावर रहदारींत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्यापेक्षां हातब्रेक ओढावा, आणि निघतांना तो सोडावा.

वेग

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. म्हणजे ६० च्या ऐवजीं ८० च्या वेगानें गेल्यास तो सुमारें पावणेदोनपट होतो, आणि ८० च्या ऐवजीं १००ने गेल्यास आणखी दीडपटीहून अधिक. आतां बदल्यांत वेळ किती वांचतो तें पाहूं. ३० किलोमीटरवरील तालुक्याच्या गांवीं ६० च्या वेगानें अर्धा तास लागतो, ८०ने साडेबावीस मिनिटें. एवढी साडेसात मिनिटें कचेरींत पोंचल्यावर पहिल्या रांगेंतच खर्ची पडतात.

केंद्र सरकारच्या पेट्रोलियम खात्याखालील पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था आपल्या पत्रकांतून ४५ ते ५५ चा वेग काटकसरीचा म्हणून सांगत आली आहे. पांच-सहा गिअरांच्या हल्लींच्या मोटारींस मोकळ्या हमरस्त्यावर याहून थोडा अधिक वेगहि मानवतो. तात्पर्य एकच : गाडी वरच्या गिअरांत सहज चालेल इतका वेग असावा, आणि तो शक्य तों एकसारखा असावा.

उतारावरील खोटी काटकसर

आतां ज्या सवयीकरितां हा लेख मुख्यतः लिहिला तिच्याकडे वळतों. घाट उतरतांना गाडी न्यूट्रलमध्यें टाकावयाची, कोणी तर इंजिनच बंद करावयाचें, आणि एवढा घाट फुकट उतरलों असें समाधान मानावयाचें, ही चाल मालमोटारवाल्यांपासून आपल्या पिकअपवाल्यांपर्यंत पसरली आहे.

जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांपुरता या समजुतीस कांहीं आधार होता. गाडी गिअरांत उतरत असली तरी कार्ब्युरेटरमधून थोडेंबहुत पेट्रोल ओढलें जात असे. परंतु २००० सालच्या सुमारास आपल्याकडील मोटारींत फवाऱ्यानें पेट्रोल सोडण्याची योजना रूढ झाली, आणि हिशेब उलटा झाला. अशा मोटारींत गाडी गिअरांत असतांना अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला कीं इंजिनाचा नियंत्रक फवारा बंद करतो. त्या वेळीं इंजिन तेलावर चालत नाहीं. उतारावरून धांवणारीं चाकेंच त्यास फिरवितात. फेऱ्या बऱ्याच खालीं उतरल्या म्हणजे इंजिन बंद पडूं नये म्हणून फवारा पुन्हां सुरू होतो. डिझेलच्या इंजिनांत तर जुन्या पंपाच्या काळापासून अशीच व्यवस्था आहे. उलट गाडी न्यूट्रलमध्यें टाकली कीं इंजिनास फिरविणारें दुसरें कोणी उरत नाहीं. तें चालू ठेवण्यास तेल जाळावेंच लागतें. म्हणजे घाटांत गिअरांत उतरणारी गाडी तेल खात नाहीं, आणि न्यूट्रलमध्यें उतरणारी खाते.

येथें कोणी म्हणेल कीं, सौम्य उतारावर गाडी गिअरांत ठेवली तर इंजिन तिला अडवितें, वेग मरतो, व पुन्हां तेल द्यावें लागतें. न्यूट्रलमध्यें ती दूरवर घरंगळते. हें खरें आहे. परंतु तशा उतारावर सर्वांत वरच्या गिअरांत पाय अगदीं हलका ठेवला असतां तेल नांवालाच लागतें. त्या थोड्या तेलाच्या बदल्यांत गाडी आपल्या ताब्यांत राहते, ही गोष्ट लहान नव्हे.

ताबा जातो म्हणजे काय होतें तेंहि समजून घ्यावें. अडीच टनांची भरली पिकअप ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हां जी शक्ति मोकळी होते, तिनें सुमारें २३ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीस येईल. तिचा कांहीं भाग वारा व टायर घेतात. बाकीचा एकतर गिअरांतील इंजिनानें आवरावयाचा किंवा ब्रेकनें. न्यूट्रलमध्यें तो सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, त्यांची पकड ढिली पडते, आणि फार तापल्यास ब्रेकच्या तेलांत वाफ धरून पायाखालचा पेडल पोकळ जातो. इंजिन बंद असेल तर संकट दुप्पट. ब्रेकला जोर देणारी योजना चालत्या इंजिनावर अवलंबून असते. दोन-तीनदां दाबल्यावर तो जोर संपतो व पेडल दगडासारखा होतो. पॉवर स्टिअरिंग जड होतें, आणि चावी चुकून काढली गेली तर स्टिअरिंगला कुलूपच बसतें.

दिनांक २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्याच्या बाह्यवळण रस्त्यावर, नवले पुलाजवळील उतारावर, एका मालमोटारीनें ओळीनें अनेक वाहनांस धडक दिली. चालकानें उतारावर इंजिन बंद केलें होतें, असें पोलिसांनीं प्राथमिक तपासांत सांगितल्याचें वृत्तपत्रांत आलें होतें. उतारावर वांचणारें तेल तें किती, आणि त्यासाठीं पणास लागतें काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

घाट उतरण्याची खरी रीत सोपी आहे. हा चढ चढतांना जो गिअर लागला असता, त्याच गिअरांत तो उतरावा. गिअर उताराच्या माथ्यावरच टाकावा. वेग चढल्यावर टाकावयास जाऊं नये. वेग इंजिनाच्या जोरावर आवरावा, आणि ब्रेक मधून मधून दाबून सोडीत जावा, सतत दाबून धरूं नये. माल भरलेला असेल तर आणखी एक गिअर खालीं यावें. यांत तेल जळत नाहीं, ब्रेक थंड राहतात, आणि अकस्मात् कोणी आडवें आल्यास थांबतांहि येतें.

उभी गाडी, ओझें आणि हवा

उभ्या जागीं चालू असलेलें लहान मोटारीचें इंजिन तासाला सुमारें अर्धा ते पाऊण लिटर तेल खातें. थंड हवेचें यंत्र चालू असल्यास त्याहून अधिक. रेल्वेच्या फाटकावर, बाजार समितीच्या दारांत किंवा ओळखीचा माणूस भेटला म्हणून बोलत उभें राहावयाचें असेल, तर सपाट जागीं हातब्रेक ओढून इंजिन बंद करावें. अर्ध्या मिनिटापेक्षां अधिक थांबावयाचें असल्यास पुन्हां सुरू करण्यांत तोटा नाहीं. टर्बोची गाडी लांबून जोरानें आली असेल तर मात्र बंद करण्यापूर्वीं अर्धा मिनिट संथ चालू द्यावी.

सकाळीं इंजिन दहा-दहा मिनिटें तापवीत ठेवण्याचें कारण नाहीं. सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटानें निघावें व पहिले दोन-तीन किलोमीटर सौम्यपणें जावें. थंड इंजिन तेल जास्त खातें. म्हणून दिवसांतून चार वेळां दोन-दोन किलोमीटर जाण्यापेक्षां बँक, दुकान व कचेरी यांचीं कामें जोडून एकाच फेरींत उरकावीं.

मोटारींत उगाच राहिलेलें ओझें काढून टाकावें. युरियाची ४५ किलोची एक गोणी मागें पडून राहिली तर सुमारें एक टक्का तेल अधिक लागतें. टपावरील रिकामें कॅरिअर वजनानें हलकें असलें तरी वारा अडवितें. काम नसतां तें उतरवून ठेवावें. उन्हांत तापलेली मोटार प्रथम कांचा उघडून वारा खेळवून घ्यावी, मग थंड हवेचें यंत्र लावावें. संथ वेगांत कांचा उघड्या ठेवून भागतें. हमरस्त्यावर वेगांत मात्र त्या मिटाव्या.

टायरांतील हवा दर पंधरवड्यास, सकाळीं टायर थंड असतांना तपासावी. दाब किती असावा हें बहुतेक मोटारींत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. माल भरतांना निराळा आंकडा असतो तोहि पाहावा. चारी टायरांत एक पौंड हवा कमी असल्यास तेलाचा खर्च सुमारें ०.२ टक्के वाढतो. आंकडा लहान दिसतो. परंतु सहा-आठ पौंड कमी हवेवर महिनोगणती फिरणाऱ्या गाड्या थोड्या नाहींत, आणि त्यांचे टायरहि कडांनीं लवकर झिजतात. हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत लवकर तुंबते. तीहि वेळच्या वेळीं पाहावी.

ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्यांनीं हेंच तत्त्व तेथें लावावें. रिकामी ट्रॉली नेणें किंवा तत्सम हलकें काम असेल तेव्हां वरचा गिअर टाकून थ्रॉटल कमी ठेवावा. काळा धूर दिसला किंवा इंजिन दबलें तर गिअर खालीं घ्यावा. पी.टी.ओ.वर चालणाऱ्या अवजारांस मात्र त्यांच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या फेऱ्या द्याव्याच लागतात.

नोंदीची वही

आमची हयात महसुली दप्तरांत गेल्यामुळें असेल, परंतु नोंदीवांचून केलेल्या काटकसरीवर आमचा विश्वास नाहीं. मोटारींत एक लहान वही ठेवावी व पांच रकाने आंखावे : तारीख, मीटरवरील आंकडा, भरलेलें तेल, दिलेले पैसे आणि शेरा. प्रत्येक वेळीं टाकी पंपाची नळी पहिल्यांदां आपोआप बंद होईपर्यंत भरावी. दोन भरण्यांच्या दरम्यान चाललेल्या किलोमीटरांस दुसऱ्या वेळीं भरलेल्या लिटरांनीं भागावें. ४८० किलोमीटर चालून ३० लिटर तेल भरलें तर लिटरास १६ किलोमीटर पडले. शेऱ्यांत घाट, माल, पाऊस, लग्नसराई असें जें विशेष असेल तें लिहावें; नाहींतर एका भरणीचा आंकडा दुसरीशीं ताडून पाहणें व्यर्थ होतें. पुढील कांट्यावर दिसणाऱ्या आंकड्यापेक्षां हा हिशेब अधिक भरंवशाचा आहे.

प्रथम महिनाभर नेहमींप्रमाणें हांकून नोंद करावी. मग एक-एक सवय बदलावी. महिन्यास १००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरास १५ ऐवजीं १७ किलोमीटर देऊं लागली, तर महिन्यास सुमारें ८ व वर्षास ९४ लिटर तेल वांचतें. त्यास आपल्या पंपावरील भावानें गुणून पाहावें.

घरची मोटार बहुधा तरुण मंडळीच हांकतात. त्यांस हा लेख वाचावयास द्यावा, आणि उतारावरील भाग तर शेजारीं बसून समजावून सांगावा. तीन महिने वही ठेवून आलेला अनुभव, बरा असो वा वाईट, ज्यांनीं त्यांनीं मासिकाकडे कळविल्यास इतर शेतकरी बांधवांसहि त्याचा उपयोग होईल.